तीन फोटोंतला पहिला

मी कॅमेरा बोलतोय. लग्नातला नाही, वाघाचा. वाघाच्या नाकाला नाक लावून उभा राहणारा माझ्यासारखा शूर गडी अख्ख्या मूल तालुक्यात दुसरा नाही. एकदा नाही, एकतीस वेळा उभा राहिलोय.

आता खरं सांगतो. मला पट्ट्याने झाडाला करकचून बांधलं होतं आणि वरून कुलूप घातलं होतं. पाय असते तर पहिल्याच डरकाळीला मी मूलच्या बाजारात भाजीच्या टोपलीखाली जाऊन लपलो असतो.

गावाचं नाव विचारू नका. सांगितलं की तुम्ही लगेच फोन काढून शोधायला लागाल. शोधणाऱ्यांनी काय करून ठेवलं, तेच तर सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. आठवतं ते एवढंच की एका खोक्यात आम्ही बारा भाऊ होतो आणि सगळे एकसारखे कुरूप. जेवणाच्या डब्याएवढं अंग, चिखलाचा रंग, पोटात आठ सेल, समोर एक काच. वाघ मोजणाऱ्या एका संस्थेने आम्हाला विकत घेतलं आणि जंगलात ठिकठिकाणी बांधून टाकलं.

शिक्षण म्हणाल तर चौथी नापास. गरम अंगाचं काही समोर हललं की खटकन फोटो काढायचा आणि खाली पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, तापमान. बस. चौथी गोष्ट मला येत नाही. पण या तीन मी कधी चुकलो नाही. तुमच्या गावातले किती मास्तर असं छातीवर हात ठेवून सांगतील?

खोडकर मात्र मी पहिल्यापासून. वाऱ्याने उन्हातलं गवत हललं की मी नऊशे फोटो काढायचो, नुसत्या गवताचे, आणि संस्थेतली ती चष्मेवाली बाई ते सगळे एकेक करून बघायची. एकदा एक माकड माझ्याकडे पाठ करून तासभर बसलं. तोही फोटो मी मन लावून काढला. लटारूभाऊ शेळ्या घेऊन यायचे, माझ्या काचेत बघून मिशा विंचरायचे आणि जाताना म्हणायचे, "आता कसा दिसून राह्यलो रे?" मी काय सांगणार! एकशे चौदा फोटो आहेत लटारूभाऊंचे. एकाही फोटोत मिशा सरळ नाहीत.

मला गुडघ्याच्या उंचीवर बांधतात, कारण वाघाची कूस तिथे येते. म्हणून ताठ चालणाऱ्या माणसाचे मला फक्त पाय दिसतात. साहेब आला तर बूट, पाहुणा आला तर पँट. चेहरा येतो तो वाकणाऱ्याचा. मोह वेचणारी बाई वाकते, सरपण बांधणारी वाकते. या जंगलात ज्याने काम केलं, त्याचा चेहरा माझ्याकडे आहे. हे मला फार दिवस मोठं गमतीचं वाटायचं.

प्रफुल हा माझा मालक म्हणा की चाकर म्हणा. गावातलाच, तिशीचा, संस्थेकडे हंगामी कामाला. माझे सेल बदलायचे, कार्ड काढायचं, घरी नेऊन कॉम्प्युटरमधून फोटो संस्थेच्या साठ्यात चढवायचे, एवढंच त्याचं काम. मला नाल्याच्या वळणावर बांधायचं ठरलं होतं. पण नाला लांब आणि ऊन कडक, म्हणून गड्याने मला अलीकडेच मोहाच्या झाडांजवळ बांधलं आणि कागदावर लिहिलं, नाल्याचं वळण.

या प्रफुलने माझा फोटो स्टुडिओ करून टाकला. कार्ड घरी आलं की शेजारीपाजारी ओसरीवर जमायचे. "माहा आला का रे?" "माह्या बैलाचा आला का?" मग तो गावाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, खाली काहीतरी टवाळीचं लिहून. चैतू आणि त्याची नवी बायको तर मुद्दाम माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. नियमात हे बसत नव्हतं. पण वाईट कोणाचं झालं नव्हतं, आणि मीही खूश होतो. फुकटचं कौतुक कोणाला नको असतं?

आता सोमारीबाई. साठीच्या पुढची, अंगाने काटक, तोंडाने त्याहून काटक. माझ्यासमोरचा मोह तिचा. तिच्या सासूचाही तोच होता. आमच्याकडे मोहाची झाडं जंगलात असली तरी घराघरांत वाटलेली असतात. कोणी लिहून ठेवलेलं नाही आणि कोणी चुकतही नाही. शेजारचं झाड चंदाबाईचं. चाळीस वर्षं या दोघी एकाच वेळी येतात, एकमेकींना शिव्या देत मोह वेचतात आणि एकत्र परत जातात.

मोह पहाटे गळतो. खाली वाळला पाला असला की फुलं त्यात हरवतात. म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. तसं करायला मनाई आहे. सोमारीबाईलाही माहीत आहे. पण सासू करायची, आई करायची, हातालाच सवय.

नऊ एप्रिलला मी तिचे तीन फोटो काढले.

पहिला सहा वाजून चार मिनिटांनी. बाई वाकलेली, हातात पेटता पाला, ज्वाळेच्या उजेडात चेहरा असा झगझगीत की मीच माझ्यावर खूश झालो. दुसरा सहा वाजून अकरा मिनिटांनी. आग झाडाभोवती हातभर, बाई बाजूला उकिडवी बसून राखण करतेय. तिसरा सहा वाजून एकोणीस मिनिटांनी. बाई उभी राहून पळसाच्या ओल्या फांदीने आग झोडपतेय, विझलेली राख पायाने चाळतेय. पण उभी आहे ना, म्हणून तिसऱ्यात चेहरा नाही. नुसती पावलं, लुगड्याचा काठ आणि फांदी.

प्रफुलने गावाच्या ग्रुपवर कोणता टाकला असेल? चेहरा चांगला आला तो. खाली लिहिलं, "सोमारीबाईचा होमहवन." लोक हसले. सोमारीबाईही हसली. म्हणाली, "पोट्ट्या, प्रसाद घ्याले ये, उलटा झाडूच देतो तुले."

पाच दिवसांनी, चौदा तारखेला, नाल्याच्या पलीकडे जंगल पेटलं. ती आग कोणी लावली मला माहीत नाही. पलीकडचं मला दिसत नाही, आणि न दिसलेलं सांगायची माझी जात नाही. दोन दिवस धूर होता. मग हवेत बातमी उठली की वाघिणीची दोन पिल्लं जळाली.

आणि तो फोटो निघाला फिरायला. गावाच्या ग्रुपवरून कोणाच्या तरी नागपूरच्या भाच्याकडे, भाच्याकडून आणखी कोणाकडे, आणि शेवटी पुनम नावाच्या मुलीकडे. ही पुनम इंटरनेटवर वाघांसाठी एक पान चालवते. हजारो माणसं ते वाचतात. मुलगी वाईट नाही. वाघाचा फोटो पाहून रडणाऱ्यांतली आहे. तिने फोटो नीटनेटका दिसावा म्हणून खालची पट्टी कापली आणि वर लिहिलं, "हीच ती सोमारी. हिने पेटवलेल्या आगीत दोन बछडे जिवंत जळाले."

पट्टी कापली! नऊ तारीख, सहा वाजून चार मिनिटं. माझी सगळी विद्या त्या बोटभर जागेत होती, आणि ती अख्खीच छाटली गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो, तेही न बोलता.

सतरा तारखेला प्रफुलने मला झाडावरून सोडून घरी आणलं, पुन्हा आग आली तर जळायला नको म्हणून, आणि ओसरीवर खिळ्याला टांगलं. अख्ख्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती याच ओसरीच्या कोपऱ्यात. त्यामुळे गावाचं सगळं बोलणं माझ्या कानांवरून जातं.

सोमारीबाईची सून दिव्यानी सासूला घेऊन तिथे आली आणि फोन तिच्यासमोर धरला.

"कितीकानं पाह्यला हा?" सोमारीबाईने विचारलं.

"एक लाखाच्या वर, आई."

"एवढे मानसं तं मूलात बी नाईत व." मग बोट ठेवून, "अना हे खाली का लिवलं हाये?"

दिव्यानीने वाचून दाखवलं नाही. चंदाबाई वाकून बघत होती, तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "फोटो झकास आला पन." कोणी हसलं नाही.

गावातल्या बायांचा गट मोहाचे लाडू करून विकतो. त्याचं पान दिव्यानी सांभाळते, पत्ता आणि फोन नंबर सगळं त्यावर. लोकांनी ते शोधून काढलं. आधी शिव्या आल्या. मग मागण्या आल्या, इतक्या की बाया हरखून रात्रंदिवस लाडू वळत बसल्या. डबे गेले. पत्ते खोटे होते. डबे परत आले तेव्हा आतून मुंग्यांची रांग निघाली. मग कोणीतरी पानाचं कुलूप फोडून आत शिरलं आणि लाडवांच्या जागी जळलेल्या वाघाचं चित्र लावलं. ते चित्रही या जंगलातलं नव्हतं.

सोमारीबाईने मोहाला जाणं बंद केलं. चेहऱ्यावर पदर ओढून घरात बसायची. तिचा मोह रोज गळत होता आणि चितळं खाऊन जात होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या झाडाखाली तिची टोपली नव्हती.

आता ऐका, माझ्या पोटात काय होतं. एक तर तो तिसरा फोटो, आग विझवल्याचा. आणि दुसरा, सोळा तारखेचा, म्हणजे आग लागल्यानंतर दोन दिवसांनी: वाघीण बोडीच्या, म्हणजे जंगलातल्या तळ्याच्या, पाण्याकडे चाललीय आणि मागे तिची दोन्ही पिल्लं, धट्टीकट्टी, एक दुसऱ्याची शेपूट ओढतंय.

हे प्रफुलने पाहिलं होतं. कार्ड कॉम्प्युटरला लावलं तेव्हाच पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिला. फोटो दाखवला की पहिला प्रश्न येणार, पहिला फोटो बाहेर कोणी काढला? आणि नोकरी हंगामी.

दिव्यानी आली. "प्रफुलभाऊ, त्या दिवशीचे बाकीचे फोटो द्या ना जी."

"संस्थेचे फोटो हायेत ते. असे कोनाले देता येत नाई, दिव्यानी. नियम हाये."

मी खिळ्यावर हललो असेन, वाऱ्याने म्हणा. चार वर्षं गावभर फुकट स्टुडिओ चालवणाऱ्याला नियम आठवला तो नेमका त्या दिवशी.

मग दिव्यानीचा भाऊ पियुष आला, चंद्रपूरहून. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं येतं. प्रफुल बैल पाजायला गेला होता. पियुषने मला खिळ्यावरून काढलं आणि उलटं केलं. आता माझा गुन्हा सांगतो. प्रफुलला संस्थेच्या साठ्याचा परवलीचा शब्द लक्षात राहत नाही, म्हणून त्याने तो कागदाच्या तुकड्यावर लिहून माझ्याच पाठीवर चिकटवलाय. पियुषने तो वाचला, हसला आणि प्रफुलच्या कॉम्प्युटरवर साठा उघडला. मलाही गुदगुल्या झाल्या. प्रफुलची जिरणार, मजा येणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

पडद्यावरचे फोटो बघून दिव्यानी म्हणाली, "तीनच फोटो काढ, पियुष. अना पिल्लाइचा एक. बाकीचं राहू दे."

"ताई, चार टाकले तं म्हनतील, निवडून टाकले. त्यायनं बी निवडूनच टाकला होता ना? सगळंच टाकून देऊ. मंग बोलाची हिंमत नाई कोनाची."

"सगळ्यात बाकीचे लोक बी असतील ना रे."

"असू दे. खरं हाये ना?"

दिव्यानीच्या हातात मुंग्या लागलेल्या लाडवांचा डबा होता. तिने त्याचं झाकण लावलं आणि बाजूला सरकली.

पियुषने सगळं इंटरनेटवर टाकलं. चार वर्षांचे माझे फोटो, पट्टीसकट, ठिकाणासकट. शिवाय पुनमचा फोन नंबर आणि घराचा पत्ताही शोधून टाकला. म्हणाला, "तिनं सोमारीमावशीचं नाव टाकलं, आपन तिचं टाकू. फिटमफाट."

दोन दिवसांत सोमारीबाई निर्दोष झाली. पट्टी सगळ्यांनी वाचली, तारीख सगळ्यांनी वाचली. काहींनी माफी मागितली. काहींनी गुपचूप आपलं लिहिलेलं पुसलं. पियुष ओसरीवर ढांगा टाकून फिरत होता.

आणि चार वर्षांत माझ्यासमोर सकाळी कोण कोण आलं होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं. चोरून मोहाची दारू गाळणारे आले. चैतूच्या बायकोचं एकटीने रडणं आलं. आणि चंदाबाई आली. डबा घेऊन झुडपाआड बसलेली चंदाबाई, तोंड माझ्याकडे. मी मागेच सांगितलं, वाकणाऱ्याचा चेहरा येतो. त्या फोटोवर लोकांनी काय काय लिहिलं ते मी सांगणार नाही. इथे माझी खोडी संपते.

चंदाबाई प्रफुलच्या अंगणात येऊन उभी राहिली. सोमारीबाई तिथेच होती.

"तुहं नाव धुवाले माहं लुगडं काऊन फेडलं व, सोमारी?"

"म्या नाई केलं, चंदा."

"तुह्यासाठी केलं ना?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी शिवी न देता बोलल्या. चंदाबाई गेली ती पुन्हा आली नाही.

त्याच आठवड्यात फोन आला. सोमारीबाईला कमी ऐकू येतं, म्हणून दिव्यानीने आवाज मोठा केला.

"आजी, मी पुनम बोलतेय, नागपूरहून. तुमचा फोटो मीच टाकला होता."

"हाव. मंग?"

"माझं चुकलं. पण माझा नंबर काढून टाकायला सांगा ना तुमच्या माणसांना. सारखे फोन येताहेत. घाण घाण बोलतात. काल दोन मुलं दारावर येऊन गेली. आई दार उघडत नाहीये."

सोमारीबाईने विचारलं, "जेवली का तू?"

"नाही."

"मी बी तेव्हा जेवली नोती. जेव आंधी. मी सांगतो पोट्ट्याले."

पियुषने नंबर काढला. पण तोवर तो शंभर ठिकाणी जाऊन बसला होता, आणि तिथून काढणं पियुषच्या हातात नव्हतं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

पुढच्या रविवारी बोडीवर गाड्या आल्या. वाघीण बोडीवर पाणी पिते, असं प्रफुलने साठ्यात माझ्या फोटोखाली लिहून ठेवलं होतं, तेही फोटोसोबत गेलं होतं ना. कोणी पिल्लं बघायला आले. कोणी कशाला आले, ते त्यांच्या पिशव्यांत होतं. गावकऱ्यांना तारेचे दोन फास सापडले, ते काढले. वाघीण पिल्लं घेऊन तिथून हलली. कुठे गेली, मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

आता मी या खिळ्यावर आहे. कार्ड काढलेलं, सेल काढलेले, पाठीवरचा कागद ओरबाडून काढलेला. संस्थेचा माणूस सोमवारी येणार आहे. मग मला बहुतेक पुन्हा बांधतील. तुम्हाला एकच विनंती, कोणाची ओळख असेल तर शब्द टाका: बांधायचंच तर खरोखर नाल्याच्या वळणावर बांधा, वाघाच्या वाटेवर. मोहाच्या झाडांकडे माझं तोंड करू नका. मी फार हसलो त्या माणसांना.

आज सकाळी सोमारीबाई टोपली घेऊन आली. एकटीच. मोहाचा हंगाम जवळपास संपला होता. तरी ती निघाली होती, आणि वाटेत ओसरीवर थांबली. प्रफुल होता, पियुषही होता.

"प्रफुल, पयला फोटो कोनं बाहेर टाकला?"

प्रफुल जमिनीकडे बघत म्हणाला, "म्याच टाकला, बाई. मजाक म्हनून. एकच तं होता."

"अना तू, पियुष?"

"मावशी, म्या खोटं काईच नाई टाकलं. जे होतं तेच टाकलं."

"मंग चंदा माह्यासंग मोहाले काऊन येत नाई?"

प्रफुलने माझ्याकडे बोट केलं. "बाई, खरं म्हनलं तं ह्या डब्यानं केलं सगळं. समोर दिसंल ते काढते, आगा पाहात नाई ना पीछा."

सोमारीबाईने मला खिळ्यावरून काढलं. वाटलं, आता आपटते. तिने पदराने माझी काच पुसली आणि मला परत टांगलं, तोंड भिंतीकडे करून. त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

"ह्याले पापनी नाई रे बाप्पा. तुमाले तं होती ना?"